भैयालालची खूण

घमापुरातल्या इंदिराबाई मेश्राम शाळेतून निवृत्त झाल्या आणि दिवसभर घरी बसून नवऱ्याशी तरी किती भांडायचं, म्हणून त्यांनी एक काम धरलं. जुन्या पलटणींतल्या शिपायांच्या नोंदींचे फोटो त्यांच्याकडे यायचे. ते बघून संगणकावर सगळं स्वच्छ उतरवायचं: नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. आपले पणजे-खापरपणजे शोधणाऱ्या घरांना मग ते पाठवलं जाई. काम देणाऱ्या शालिग्रामजींची अट एकच होती. अक्षर लागलं नाही तर सरळ 'वाचता येत नाही' असं लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही.

शहपुऱ्याच्या भैयालालसाठी बाईंनी ही अट मोडली.

भैयालाल परमुलखातल्या लढाईत बेपत्ता झालेला. कागदावर कधीतरी पाणी सांडलं होतं आणि खुणेचा रकाना पार धुऊन गेला होता. त्याची पणती अंजनी नागपुराहून फोनवर म्हणाली होती, "मॅडम, आमच्याकडे फोटो नाही जी. घरात कोणालेच त्यांचा चेहरा माहीत नाही. एखादी खूण तरी सांगा ना."

बाईंनी तो धुतलेला रकाना पुन्हा एकदा निरखून पाहिला. कोणाचं काय बिघडतंय, असं स्वतःलाच समजावत त्यांनी रिकाम्या जागी लिहून टाकलं: डाव्या भुवईत जखमेचा व्रण, भुवई तिथे दुभंगलेली.

ती भुवई त्यांच्या नवऱ्याची, गुलाबरावांची होती. नव्या लग्नात बायकोला सायकलवर बसवून ऐटीत तिलवाऱ्याला निघाले आणि वाटेत सपशेल आपटले, तेव्हाची. आजही नवऱ्याचा राग आला की बाई त्या व्रणाकडे बघत, आणि निम्मा राग तिथेच उतरे.

नोंद पाठवून झाली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंजनीचा फोन आला.

"मॅडम, आज त्यांच्या नावानं दिवा लावला. आता कसं, ते खरंच होते असं वाटते."

बाईंना बरं वाटलं. फोन ठेवला तोच वीज गेली. घरात ओल्या मातीचा, कुजलेल्या कापडाचा वास भरून राहिला. दिवस हिवाळ्याचे, बाहेर अंगण कोरडं ठणठणीत. बाईंनी मेणबत्ती लावली आणि खुर्चीत बसलेल्या गुलाबरावांपुढे चहा ठेवला. ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला.

नवऱ्याची डावी भुवई सलग होती.

"अहो... तुमची खूण?"

"कोणती खूण? काहून अशी पाहून राहिलीस?"

"तिलवाऱ्याची... सायकलवरून पडलो होतो आपण..."

"आपण? सायकलनं?" गुलाबराव हसले. "इंदू, तुले सपनं पडून राहिली का?"

बाईंना भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. शाळेतल्या पोरींनाही कळलं असतं, आपल्या माणसाची वस्तू न विचारता कोणाला देऊ नये. त्यांनी घाईघाईने अंजनीचा नंबर फिरवला. ती खूण खोडा, दिवा विझवा, एवढंच सांगायचं होतं. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

मग दारावर थाप पडली. अगदी हलकी, परक्या घरी संकोचून मारावी तशी.

बाईंनी फटीतून बघितलं. बाहेर एक सडपातळ जवान उभा होता. अंगावरच्या खाकी कापडातून पाणी निथळत होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार, आणि त्या अंधारात स्पष्ट दिसत होती ती एक डावी भुवई. मधोमध दुभंगलेली.

"बाई..." आवाज फार अदबीचा होता. "खूण भेटली..."

बाईंनी दाराची कडी घट्ट धरली.

"...बाकीचं न्यायले आलो."

"इंदू, कोण आहे?" मागून गुलाबरावांनी विचारलं.

आवाज त्यांचाच होता. बाई मेणबत्ती घेऊन वळल्या आणि त्यांनी ती नवऱ्याच्या तोंडाशी धरली. नाक, डोळे, ओठ, सगळ्यावरून पाणी ओघळून गेल्यासारखं झालं होतं. त्यांनी डोळे ताणले, ज्योत आणखी जवळ नेली, पण इतक्या वर्षांचा तो चेहरा त्यांना वाचता येईना.