राजाचं तोंड कोणी उघडलं

ही ऐकीव गोष्ट नाही. घडली तेव्हा मी थडग्याच्या दारापासून वीस पावलांवर बसलो होतो. ज्याच्याबाबत घडली तो केन्ना माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यानं मला सांगितलं आणि मी पाहिलं तेवढंच इथे लिहितो आहे.

पेरणीचा दुसरा महिना, अकरावा दिवस. जागा, पश्चिमेच्या डोंगरातली राजांची दरी. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती, ऊन असं की दगडावर हात टेकवत नव्हता.

त्या दिवशी आम्ही राजाला पुरलं.

केन्ना थडग्यांच्या भिंतींवर चित्रं रेखणारा. हात इतका स्थिर की मुकादम काहा म्हणायचा, याच्या अंगावर विंचू चढला तरी रेघ संपवूनच ओरडेल. मी गिलाव्याचं काम करतो. शेवटचं दार लिंपणं माझ्याकडे होतं.

आधी घरातलं सांगायला हवं, कारण भीती तिथूनच सुरू होते.

माझी ती धाकटी बहीण, हुनरो, राजवाड्यात दाई होती. राजाच्या धाकट्या राणीला मुलगा झाला आणि ती बाळंतपणातच गेली. तेव्हा हुनरोचं स्वतःचं तान्हं नुकतंच गेलं होतं. तिनं त्या पोराला अंगावर पाजलं, वाढवलं. त्याचं नाव नेबमोसे. राजा वारला तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

पट्टराणी राजाची सख्खी बहीण. तिला नुसत्या मुली. म्हणून राजानं हयातीत सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की गादी नेबमोसेची. पण राजाला सावत्र भाऊ होता, मेन्खाऊ. वय चाळीस, सैन्य हाताशी. राजाचं शरीर पुरण्याआधी खारात वाळत पडलं होतं, त्या सत्तर दिवसांतच मेन्खाऊनं राजाच्या थोरल्या मुलीशी, म्हणजे आपल्याच पुतणीशी, लग्न लावलं. दरबार समजायचं ते समजला.

एक गोष्ट मात्र बाकी होती. आमच्याकडे बापाला जो पुरतो तो वारस. पुरणं म्हणजे नुसतं खड्ड्यात ठेवणं नव्हे. वारसानं बिबट्याचं कातडं पांघरायचं, लोखंडाचा वाकस, म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, मृताच्या ओठांना लावायचा आणि त्याचं तोंड उघडायचं. मग मेलेला माणूस पलीकडे खाऊ शकतो, श्वास घेऊ शकतो.

बोलू शकतो.

तो वाकस मेन्खाऊनं धरला. पोराला अंत्ययात्रेत आणलंही नाही.

हुनरो रडली असेल असं मला वाटलं होतं. उलट तिनं सुटकेचा श्वास सोडला. केन्नाला म्हणाली, "गादी गेली ते बरं झालं. आता त्याला मारून कोणाला काय मिळणार आहे? पोर जगेल माझं."

तसंच दिसत होतं. नव्या राजानं नेबमोसेला उत्तरेच्या देवळात शिकायला पाठवायचं ठरवलं. दाईनं सोबत जायचं होतं. होडी ठरली, दिवस ठरला, वीस तारीख. हुनरो त्याच्यासाठी खजूर वाळवत बसली होती.

आता थडग्यातलं.

शवपेटीच्या खोलीत उजव्या भिंतीवर तोंड उघडण्याचं चित्र होतं. केन्नानंच काढलेलं. बिबट्याचं कातडं पांघरलेला वारस, हातात वाकस. डोक्याच्या वर नावाचं कडं, राजाचं नाव लिहितात ती लांबट चौकट. ते कडं रिकामं ठेवायचा हुकूम होता. विधी उरकल्यावर दरबारच्या लेखनिकानं केन्नाच्या हातात खापराचा तुकडा दिला. त्यावर मेन्खाऊचं नाव. दार लिंपायच्या आत भरून टाक, म्हणाला, आणि पुजाऱ्यांसोबत वर निघून गेला.

शेवटचा पुजारी उलट पावलांनी, केरसुणीनं सगळ्यांच्या पावलांचे ठसे झाडत बाहेर आला. केन्ना तेवढा आत राहिला.

मी बाहेर सावलीत गिलावा कालवत होतो. काहा आणि दारावर शिक्के उमटवणारे दोन शिक्केवाले कांदा-भाकरी खात होते. काहाचा आवाज मोठा. तो सारखा बोलत होता, आपल्या जावयाला शिव्या घालत होता. हे मुद्दाम सांगतो.

कारण आत केन्नाला तो आवाज ऐकू येत होता...

आणि मग येईनासा झाला.

आधी त्याला वाटलं, जेवून आडवे झाले असतील. त्यानं कड्यातली पहिली खूण रेखली.

मग त्याचं लक्ष दिव्याकडे गेलं.

त्या खोलीत वारा नसतो. वात सरळ जळते, खिळ्यासारखी. पण ज्योत वाकली होती. शवपेटीकडे.

ती तशीच वाकलेली राहिली, जरा वेळ...

मग सरळ झाली. मग उलट्या बाजूला वाकली.

मग पुन्हा शवपेटीकडे.

केन्ना मोजत राहिला. चार वेळा झाल्यावर त्याला कळलं, ही लय त्याच्या ओळखीची आहे.

कोणीतरी श्वास घेत होतं.

शवपेटी लाल दगडाची, झाकण चार माणसांना न उचलणारं. ते बसवलेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानं कुंचला खाली ठेवला नाही. ठेवायचं सुचलंच नाही.

ओठ सुटल्याचा आवाज आला. खूप दिवस मिटलेले, कोरडे ओठ.

"तोंड कोणी उघडलं माझं?"

आवाज मोठा नव्हता. रागाचा नव्हता. झोपेतून उठलेला माणूस घरात कोण आहे हे विचारतो, तसा.

ज्योत वाकली, सरळ झाली.

"कोणी उघडलं?"

पळावं असं त्याच्या मनात आलं. पण पाय उचलले असते तर झाडलेल्या फरशीवर आवाज झाला असता, आणि आपण इथे आहोत हे त्या दगडाच्या आत कळलं असतं. जणू ते कळायचं राहिलं होतं.

मेन्खाऊ हे नाव त्याच्या हातातल्या खापरावरच होतं. वाचून दाखवलं असतं तरी काम झालं असतं.

पण केन्ना मला पुढे म्हणाला, मला त्याची कणव आली रे. भीती तर होतीच, पण कणवही आली. आपल्या पोराला बाजूला सारलं हे त्या माणसाला मेल्यावर पहिल्याच दिवशी कशाला सांगायचं? आणि खरं सांगितलं तर तो उठेल अशीही भीती होती.

म्हणून तो म्हणाला, "तुमच्या मुलानं, महाराज. नेबमोसेनं."



"लहान आहे तो. उघडणारा हात जड होता."

केन्ना एक खोटं बोलला होता, आता दुसरं आलं.

"मोठा झाला, महाराज."

ज्योत शवपेटीकडे वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"मग पाठव त्याला इकडे," आवाज म्हणाला. "बघू दे मला."

त्यानंतर काही नाही. ज्योत खिळ्यासारखी सरळ. वरून काहाचा आवाज, जावई, शिव्या.

केन्नानं कडं पूर्ण केलं. मेन्खाऊचंच नाव लिहिलं. मी नंतर विचारलं तर म्हणाला, हात आपोआप चालत होता.

तो बाहेर आला तेव्हा काहा म्हणाला, "काय रे, राजानं जेवायला थांबवलं की काय?" शिक्केवाले हसले. केन्ना उन्हात बसला आणि थंडी वाजते म्हणाला. मी माझं पांघरूण त्याच्या अंगावर टाकलं. मग दार लिंपलं. शिक्के उमटले.

एकोणीस तारखेपर्यंत तो कोणाशी काही बोलला नाही.

एकोणीसला सकाळी वाड्यावरून निरोप आला. नेबमोसेला ताप भरलाय, होडी उद्या निघणार नाही, हुनरो तिकडेच राहील.

तेव्हा केन्ना माझ्या घरी आला आणि सगळं सांगितलं. त्याच्या हातात मातीचा वाडगा होता. आमच्याकडे मेलेल्यांना वाडग्यात पत्र लिहितात, तसं त्यानं आतल्या बाजूला लिहिलं होतं. त्याची अक्षरं मी एवढी वाकडी कधी पाहिली नव्हती.

मी खोटं बोललो. मुलानं उघडलं नाही. त्याला बोलावू नका.

दरीत त्याला पहारेकऱ्यांनी सोडलं नसतं. मला सोडतात, लिंपलेल्या दारांना तडे गेले का हे मला पाहावं लागतं. पण त्यासाठीही मुकादमाची परवानगी लागते, आणि काहा दोन दिवस नदीपलीकडे होता. मी एकवीस तारखेला आत गेलो. दार जसंच्या तसं होतं. मी दारापुढच्या राडारोड्यात हातानं उकरून वाडगा पुरला. कान लावून ऐकण्याचं धाडस केलं नाही.

परत आलो तेव्हा वस्तीत बायका रडत होत्या. पोर सकाळीच गेलं होतं.

काही जण म्हणाले, नव्या राजाच्या माणसांनी काहीतरी खाऊ घातलं. तसं असेलही. पण हुनरो शपथेवर सांगते की ताप यायच्या आधी आणि नंतर त्याच्या तोंडी गेलेला प्रत्येक घास तिनं आधी स्वतः खाल्ला होता. एकाच वाटीतून. तिला साधं पोटही दुखलं नाही. वैद्य म्हणाला, ताप. तापाला काय, तो कोणालाही येतो.

तसंही असेल. मी नक्की काहीच सांगू शकत नाही.

पण हुनरो घरी आली तेव्हा मी तिथे होतो. ती पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली आणि शांतपणे सांगायला लागली. तीन दिवस पोरगा तापात बडबडत होता. खोलीत ती एकटीच, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. कोपऱ्याकडे बघायचा. आणि एकच म्हणायचा.

"मी नाही, बाबा. मी नाही उघडलं."

पुन्हापुन्हा. कोणीतरी ऐकत नसल्यासारखं.

तिसऱ्या पहाटे तो दमला. मग म्हणाला, "बरं. येतो."

हुनरोनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, काय उघडलं नाही त्यानं? तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

केन्नानं मान हलवली. नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. केन्ना अजून रेखाटतो, पण शवपेटीच्या खोलीत एकटा जात नाही. मीही जात नाही.

हुनरो ते विसरलेली नाही. एखाद्या पेटीचं झाकण, एखादं दार, एखाद्या मडक्यातला मध, असं काही तिला आठवतं आणि ती विचारते, हे असेल का? लहान पोर, कशाला घाबरलं असेल?

परवा तिनं मला पुन्हा विचारलं.

मी गिलावा कालवत होतो. कालवत राहिलो.