तिसऱ्या घुमटातल्या चादरी

नांदेडहून बोलावलेला माणूस बैलगाडीतून उतरला आणि पंचफुलाबाईचं तोंड कडू झालं. काडीसारखा वाळलेला गडी. याच्या हाती आपल्या पोराची मान!

भुजंगराव पूर्वी निजामाच्या पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार, होता. वरिष्ठांशी पटलं नाही, तेव्हापासून लोकांच्या भानगडी उलगडत फिरे. सोबत त्याचा दोस्त सिद्रामप्पा, देगलूरचा कापडवाला. अंगानं भरदार, डोक्यानं सावकाश.

गोष्ट उघड होती. शुक्रवारी दुपारी हैदराबादचा एक वकील गावाबाहेरचे जुने राजघुमट बघायला आला, आणि तिसऱ्या घुमटात चौथऱ्याच्या कोपऱ्यावर डोकं फुटून मेला. पाहुण्यांना घुमट दाखवणारा बाईचा एकुलता एक देविदास स्वतः चावडीत जाऊन म्हणाला, मीच ढकललं. आता फासावरच जायचा.

"त्यानं कधी मुंगी मारली न्हाई," बाई म्हणाली. "चला, दाखवते."

तीन पिढ्यांची राखण होती घराण्याकडं. दुःखातही तिचा ताठा सुटेना. पहिल्या घुमटात तिनं कमानीवरची चुन्यातली कमळं दाखवली, आवाज वर कसा गरगरतो ते दाखवलं. मग कबरीवरच्या लांबट दगडी उंचवट्यावर हात ठेवला. "हे कलमदान. म्हणजे गडी. बाईच्या कबरीवर सपाट पाटी असती." दुसऱ्या घुमटात पाटी होती.

तिसरा बेगमेचा. इथल्या कबरीवर चादरींचा गादीएवढा थर. जुनी काढायची नाही, वरून नवी घालायची, ही रीत. भोकरपासून धर्माबादपर्यंतच्या बाया मूल व्हावं म्हणून जाळीला लाकडी पाळणे बांधून जात. पाळण्यांवर धूळ साचली होती. एका कोपऱ्यात मात्र कापलेल्या दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या.

"नऊ," सिद्रामप्पा म्हणाला. त्याला दिसेल ते मोजायची खोड.

"वकील मेला तेव्हा कबरीच्या डोक्याकडच्या चादरी उलटलेल्या होत्या, असं पंचनाम्यात आहे," भुजंगराव म्हणाला. "आणि वकिलाच्या वहीत शेवटची ओळ, तिसरा घुमट, कलमदान."

"चुकून लिहिलं असंल," बाई म्हणाली.

मग विचारपूस. घुमटावर चुन्याची डागडुजी करणाऱ्या हणमंताचं आदल्या दिवशी वकिलाशी वाजलं होतं. गवंड्यांना काही कळत नाही, असं तो वकील बोलला होता. हणमंत म्हणाला, आपण वरच होतो, वकील मोठ्यानं हसलेला ऐकला, मग काहीतरी पडलं. लई वेळानं देविदास गावाकडून पळत आला, दारातनंच बघून माघारी पळाला. इथल्या अमीनाला का सांगितलं नाहीस? कोणी विचारलं न्हाई.

चावडीत देविदास मान खाली घालून बसला होता. वकिलानं बेगमेला शिवी दिली म्हणून ढकललं, एवढंच सांगे. चादरींचं विचारल्यावर म्हणाला, "बेगमेच्या चादरीला कोन हात लावंल? सरळच होत्या."

घरी सून इंदू पाणी घेऊन आली. शुक्रवारी मी दळत होते, म्हणाली. तिच्यादेखतच बाईनं पाहुण्यांना ऐकवलं, "नऊ वर्सं झाली, दरसाल एक पाळणा बांधती. बेगम तरी काय करंल? जमीनच खडकाळ."

इंदूनं तांब्या ठेवला. सिद्रामप्पा उगीच छताकडं बघत बसला.

दुसऱ्या सकाळी भुजंगरावानं सासू-सुनेला तिसऱ्या घुमटात बोलावलं आणि सगळ्या चादरी एकदम उलटल्या.

खाली दगडी कलमदान होतं.

पंचफुलाबाईनं त्यावरून हात फिरवून बघितला.

"इथं बेगम कधीच नव्हती," भुजंगराव म्हणाला. "चादरींखाली कोणी बघितलंच नाही. वकिलानं बघितलं, वहीत लिहिलं आणि हसला. देविदास तेव्हा इथं नव्हता. हणमंतानं त्याला नंतर येताना पाहिलं. चादरी उलटल्याचंही त्याला ठाऊक नाही. मग हसला कुणाला? पाळणे बांधणाऱ्या बाईला. आणि शेजारचे सगळे सोडून नेमके नऊ पाळणे कोण कापून नेईल?"

सिद्रामप्पाला आत्ता कुठं उमगलं. त्यानं इंदूकडं बघायचं टाळलं.

"बांधायच्या दोऱ्या कापाया कोयता आणलाच होता," इंदू म्हणाली. आवाज सरळ होता. "दहावा बांधाया आले होते. तो म्हनला, बाई, कोन्या म्हाताऱ्या सरदाराफुडं पोर मागून राहिलीस. मी ढकललं. मरंल असं वाटलं न्हाई. मग जुने नऊच्या नऊ कापले, दहाव्यासंगट घरी नेऊन चुलीत घातले. ह्यांनी बघितलं, मला बोलतं केलं, आन् धावत सुटले."

"अगं, माझ्यापाशी बोलायचंस," बाई पुटपुटली.

"तुमच्यापाशी?"

बाई उलटलेल्या चादरी पुन्हा कबरीवर ओढू लागली.

"अमीनाला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा," भुजंगराव म्हणाला. "बोलावलं तुम्ही."

तिनं ठरवायच्या आत इंदू उठून चावडीकडं चालू लागली होती.

पण देविदास जबाब फिरवीना. बायको मला वाचवाया खोटं बोलती, म्हणाला. ती म्हणाली, ते खोटं बोलतात. हणमंत ऐन वेळी भ्याला. आपण काही पाहिलं नाही, म्हणाला. अमीन कंटाळला. त्यानं दोघांनाही आत घातलं आणि कागद नांदेडला धाडले.

पंचफुलाबाई चावडीच्या पायरीवर बसून होती. सिद्रामप्पानं गाडी जवळ आणली. घरी सोडतो, म्हणाला.

"कोन्या घरी?" ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.