पिवळ्या ठिपक्यातला पानमळा

मोबाइलवरचा ठिपका ‘पुढे जा’ म्हणत होता. दामिनी पुढे गेली — बुटांसकट, थेट पानमळ्यात.

"ओ मॅडम! पयले जोडे काढा!"

वेलींमधून एक उंच, सावळा तरुण धावत आला. पानमळ्यात अनवाणीच जायचं, हे अंजनगाव सुर्जीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दामिनी ओशाळून वाकली, तर बुटाच्या नाडीची नेमकी गाठच बसलेली. तो हसू दाबत बघत राहिला.

"कुठच्या तुमी?"

"अकोल्याची. अमरावतीला संशोधन करते."

"अकोल्याच्या अन् बोलता पुन्यावानी? काहून बाप्पा?"

"अनोळखी मानसासंग असंच बोलतो आमी," ती फणकारली.

"मंग वळख करून घ्या ना... मी योगेश."

मळ्यामागच्या टेकडीवर गिट्टीची खदान होती. उपग्रहानं टिपलेल्या जुन्या-नव्या चित्रांवरून अशा खदानींभोवतीची हिरवळ कशी बदलत गेली, ते शोधणं हे दामिनीचं काम. चित्रात हा मळा वर्षागणिक पिवळा पडत चालला होता. तो खरंच वाळतोय की चित्र फसवतंय, हे पानाला हिरवेपणा मोजणारं यंत्र लावूनच कळणार होतं. खदान वाढवू द्यायची की नाही, ते ठरवणारे अधिकारी तिचा अहवाल वाचणार होते.

"आज नुसती जागा बघते. यंत्र घेऊन मंगळवारी येईन."

"नक्की ना?" त्यानं विचारलं, अन् स्वतःच लाजला.

त्या दिवशी तिनं पानांकडे धड पाहिलंच नाही. कुणाकडे पाहिलं, ते वेगळं सांगायला नको.

मंगळवारी आभाळ गच्च भरलेलं होतं. त्या मरगळलेल्या उजेडातही मळा मात्र नुसता लखलखत होता. योगेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्याच्या आईनं, माणिकबाईंनी, पाटवड्यांचा बेत केला होता. दामिनी पानामागून पान यंत्राच्या चिमट्यात धरत गेली. एका पानावर दोघांचे हात एकदमच पडले... कुणालाच हात मागे घ्यायची घाई नव्हती.

"काय म्हनते तुमचं यंत्र?"

"पान तजेलदार आहे म्हणतं."

"अन् पानवाला?"

"त्याला लावायचं यंत्र अजून निघालं नाही," ती म्हणाली आणि खाली मान घालून हसली.

अमरावतीत तिचे मार्गदर्शक असलेल्या भगवंत सरांनी आकडे पाहिले. "चित्रच चुकलेलं दिसतंय. पान खरं धरायचं. खदानीचा परिणाम नाही, असं लिही." दामिनीनं आनंदानं योगेशला फोन लावला.

"तुमचा मळा ठणठणीत निघाला!"



"ठनठनीत कायचा, दामिनी..." तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. "धुतला होता. खदानीची धूळ बसते ना पानावर. सोमवारी मी पंपानं फवारा मारला, मायनं फडक्यानं पुसलं. खराब पानं तर खुडूनच टाकली. पाव्हन्याले कोनी धूळ दाखवते का? मले वाटलं, तुमी पाहाले येऊन राहिल्या, तं चांगलं दिसलं पायजे... मळा बी, अन् मी बी."

"अन् सांगितलं काहून नाई?"

"तुमी हसून राहिल्या होत्या."

दामिनीनं फोन ठेवला आणि ती रडली. राग त्याचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. पान खोटं बोलत होतं, आणि तिला ते खरं हवं होतं म्हणून तिनं दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं सांगितलं.

महिन्याभरानं सर स्वतः आले, सोबत संशोधन करणारी रश्मीही. मळा आता धुतलेला नव्हता. पानांवर राखेसारखी पूड होती आणि खालची पानं कडेनं जळून गुंडाळली होती.

"त्या दिवशी पानं का धुतली?" सरांनी विचारलं. "कारण लिहावं लागेल."

योगेशनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"ह्या येनार होत्या म्हनून."

माणिकबाईंनी पदर तोंडाला लावला. सर दामिनीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न मऊ नव्हता.

"दामिनी, या मळ्यात तुझं कुणी आहे का? नसेल तर आज तूच मोज. असेल, तर हे काम तुझं नाही... अहवालावर नावही तुझं नाही. उद्या खदानवाले म्हणतील, मोजणारी घरचीच होती."

तीन वर्षं ती या अहवालासाठी राबली होती. एक ‘नाही’ म्हटलं की सगळं तिचंच राहणार होतं. योगेश मान हलवून खुणावत होता — नाही म्हन, नाही म्हन.

"आहे, सर," दामिनी म्हणाली. तिनं यंत्र रश्मीच्या हातात दिलं आणि योगेशशेजारी जाऊन उभी राहिली.

"येडी हायेस तू," तो पुटपुटला. त्याचे डोळे भरले होते.

"हाव, हाये," ती म्हणाली.

टेकडीवर सुरुंग उडाला. जमीन थरथरली, आणि धुळीचा लोट हळूहळू मळ्यावर उतरू लागला. रश्मी एकेक आकडा मोठ्यानं सांगत होती, सर लिहून घेत होते. कमी. त्याहून कमी. वेली योगेशच्या आजोबांनी लावलेल्या.

"वाईट येऊन राहिलं ना?" योगेशनं हळूच विचारलं.

"लय वाईट. खदान थांबवाले पुरेल इतकं."

"मंग चांगलं झालं," तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत तिचा हात घट्ट धरून लहान पोरासारखा रडू लागला.