पाऊलपट्टीचा पिवळा दिवा

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी केतकी पिसाळच्या फोनवर पुन्हा पिवळा दिवा लागला.

माती परीक्षण केंद्रात ती नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हात तसाच थांबला. हिरवा दिवा म्हणजे दाराशी घरचं माणूस, लाल म्हणजे परकं. पिवळा लागला की खाली लिहून येई, ‘अनोळखी, पण घरच्यासारखं.’ आता याला काय म्हणायचं? माणूस एक तर ओळखीचा असतो, नाही तर नसतो. आणि हा सलग सहावा गुरुवार.

तिने आईला फोन लावला.

“आई, दाराशी कोण आहे?”

“कुणी नाही गं.” रंजनाबाईंचा आवाज दबका होता, नुकत्याच झोपेतून उठल्यासारखा. “मी आपली तांदूळ निवडत बसलेय.”

“बेल वाजली का?”

“नाही बाई. ठेव आता.”

फोन ठेवला तरी दिवा पिवळाच होता. तीन मिनिटं कुणीतरी दाराबाहेर नुसतं उभं होतं. बेल नाही, कडीचा आवाज नाही, हाक नाही. मग पावलं जिना उतरून गेली. घरात साठीतली आई एकटी, आणि ते दार म्हणजे नावाला दार.

वडील गेल्यावर केतकीची बदली झाली आणि मायलेकी कऱ्हाडात या भाड्याच्या घरात आल्या. दुसरा मजला, प्लायवूडचं दार, आणि आधीचे तीन भाडेकरू जे वापरून गेले तेच कुलूप. त्या तिघांनी किती किल्ल्या पाडून घेतल्या असतील ते देवच जाणे. एक किल्ली घरमालक डुबलकाकांच्या कमरेला कायम. ते तळमजल्यावर राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “कुलूप बदलायचं न्हाई. खिळा ठोकायचा न्हाई. भोक पाडायचं न्हाई. दार माझं हाय.”

मग भाडेकरूने काय करायचं? केतकीने तेच केलं जे सगळे भाडेकरू गुपचूप करतात. बिजागऱ्यांचे आखूड स्क्रू काढून त्याच भोकांत लांब स्क्रू पिळले. दाराखाली ठोकायला सागवानाची एक पाचर करून आणली. निजताना दारामागे स्टीलच्या डब्यांची उतरंड रचली, म्हणजे कुणी दार ढकललंच तर अख्खी गल्ली जागी होईल. आणि शेवटी शमा मुलाणीच्या जुन्या यंत्रांच्या दुकानातून एक वापरलेली पाऊलपट्टी आणली. नवी परवडण्यातली नव्हती.

पाऊलपट्टी आता पुष्कळ घरांत दिसते. वीतभर रुंदीची, रबरासारखी, उंबऱ्याशी पायपुसण्याखाली चिकटवायची. ना खिळा, ना भोक. फरशीतून येणारी बारीक थरथर ती ऐकते. प्रत्येकाची टाच टेकण्याची लय निराळी, अंगाचा भार पुढे सरकण्याची तऱ्हा निराळी. चार दिवस घरच्यांनी दारातून ये-जा केली की ती पावलं ओळखू लागते.

पण चोर काय गप्प बसतात? मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत भरदुपारी एक घर धुऊन नेलं आणि पट्टीने दाखवला हिरवा दिवा. तेव्हापासून जो तो ‘पाऊलचोर’ हा एकच शब्द बोलत होता. दुसऱ्याची चाल उचलणारा चोर. आठवडेच्या आठवडे मागे राहून बघतो म्हणे, आणि हुबेहूब तसं चालायला शिकतो.

त्याच संध्याकाळी केतकी शमाच्या दुकानात गेली.

“पिवळा ना?” जाड भिंगाच्या चष्म्यातून नोंदी बघत शमा म्हणाली. “म्हणजे पट्टीचा गोंधळ होतोय. कुणीतरी तुमच्यासारखं चालतंय, पण अजून पुरतं जमत नाहीये.”

“म्हणजे शिकतोय?”

“तसंच काहीतरी. सांभाळून राहा, ताई.”

झालं! संशयाला एवढंच खाद्य पुरतं. केतकीची रोजची चाल कोण बघतं? डुबलकाका. सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून जिन्याच्या तोंडाशीच बसलेले. दुपारी टाकीतलं पाणी बघायच्या निमित्ताने वर कोण येतं? डुबलकाका. किल्ली कुणाकडे? आणखी वेगळं सांगायला हवं का? तिने दोनदा जिन्यातून डोकावून त्यांची चाल न्याहाळली आणि दोन्ही वेळा तिला ती आपल्यासारखीच वाटली.

पुराव्याशिवाय बोलायची सोय नव्हती. पण संक्रांत तोंडावर आली होती, आणि केतकीच्या डोक्यात एक कल्पना आली. तिने सगळ्या इमारतीला तिळगुळाला बोलावलं.

“अचानक एवढा उत्साह?” आईने विचारलं.

“ओळखी नकोत का व्हायला? वर्ष झालं येऊन.”

रंजनाबाईंनी शेरभर तिळाच्या वड्या थापल्या.

लोक आले. दाराबाहेरच्या रॅकपाशी चपला काढून, उंबरा ओलांडून एकेक जण आत. पायपुसण्याखालची पट्टी मुकाट ऐकत होती. केतकी तोंडाने “तिळगूळ घ्या, गोड बोला” म्हणत होती आणि एक डोळा मुठीतल्या फोनवर. तिसऱ्या मजल्यावरचे आले, लाल. समोरच्या वहिनी, लाल. डुबलकाका नातीचा हात धरून आले. केतकीने फोनकडे पाहिलं.

लाल. ढळढळीत लाल.

काकांनी वडी तोंडात टाकली आणि कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली. “दोनदा जिन्यातनं माझ्याकडं बघत हुतीस. मी काय आंधळा न्हाई, पोरी. तरण्या पोरीला अन् म्हाताऱ्या बाईला भ्या वाटत असंल तर किल्ली तुमच्यापाशीच असू दे. कुलूपबी बदल. फक्त ते दार फोडू नको बाई.”

केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी ती आपणच, हे तिला चांगलंच झोंबलं. पण मग तो पिवळा दिवा कुणाचा?

दुसऱ्या दिवशी तिळगुळाच्या सगळ्या नोंदी, प्रत्येकीपुढे नाव लिहून, घेऊन ती पुन्हा दुकानात. शमाने त्या पडद्यावर पसरल्या आणि एकदम पुढे वाकली.

“हे बघा. डुबलकाका आणि त्यांची नात. पट्टीने दोघांना एका गटात टाकलंय, ‘एकमेकांसारखे’. हे मायलेकरूही एका गटात. आणि हे...” तिने नावांची पुढची जोडी वाचली. तिसऱ्या मजल्यावरचा छोटा मुलगा आणि पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि ती ओळ आपण वाचलीच नाही असं ठरवून टाकलं.

“ताई, पट्टीला पावलं शिकवताना पायात चपला होत्या ना?”

“चपला? उंबऱ्यावर चपला घालून कोण येतं?”

शमाने कपाळावर हात मारला. “अहो, पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, पादत्राणं घालून चाला! पट्टी परदेशातली. तिकडे लोक बुटांसकट घरात शिरतात. बुटात पाय झाकला जातो. अनवाणी पायाचं सगळं उघडं पडतं. घोट्याचा कोन, बोटांची लांबी, टाच टेकायची तऱ्हा. हे सगळं हाडातून येतं, आणि हाडं आईबापांकडून. तुमच्या पट्टीला चाल कळतेच, पण वंशही कळतोय.”

केतकीला आणखी एक गोष्ट आता कुठे सुचली. पट्टीला पाय उघडा दिसला, म्हणजे तो माणूस दाराबाहेर चपला काढून उभा राहतो. कुठला चोर चपला काढून येतो?

“मग हा कोण?” तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

शमाने जुळवून पाहिलं. “तुमच्याशी थोडा जुळतो. आईंशी खूप जास्त. मामा असतील.”

“आई एकुलती एक आहे.”

“आईंचे वडील?”

“माझ्या जन्माआधीच गेले.”

शमा हलकेच म्हणाली, “आतल्या बाजूच्या नोंदी पाहिल्यात कधी?”

केतकीने पाहिल्या नव्हत्या. आतली पावलं आपलीच, त्यात काय बघायचं? शमाने एक बटण दाबलं. सहा गुरुवार. दर गुरुवारी चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना आईची पावलं स्वयंपाकघरातून निघत आणि दाराच्या आतल्या बाजूला येऊन थांबत. चार दहाला बाहेर पिवळी पावलं येत. तीन मिनिटं ती दोघं तशीच. मधे फक्त प्लायवूड.

पुढच्या गुरुवारी केतकीने अर्धी रजा टाकली. मधले दिवस ती आईशी धड बोलली नव्हती. रागच आला होता तिला. चौतीस वर्षं एका ताटात जेवलो, बाबांच्या आजारपणात तीन महिने दवाखान्याच्या एका बाकावर झोपलो, आणि ही बाई एवढं पोटात ठेवून वावरते?

रंजनाबाई समोर लसूण सोलत होत्या. चार वाजायला आले तशी त्यांची नजर घड्याळावरून केतकीवर, केतकीवरून घड्याळावर.

“तुला केंद्रात जायचं नाही का आज?”

“नाही.”

“मग जरा कोपऱ्यावरून कोथिंबीर...”

“आई, तू दाराशी जा. तुझी वेळ झाली.”

लसणाची पाकळी हातातून सुटली. पदर तोंडाला लावून रंजनाबाई म्हणाल्या, “कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“झाले थोडे दिवस. तू सांग ना, कोण आहे तो?”

“माझा मुलगा आहे गं, लग्नाआधीचा. मी एकोणीस वर्षांची होते. घरच्यांनी लांबच्या एका आश्रमात ठेवलं. बाराव्या दिवशी त्याला तिथेच सोडून आले. तुझ्या बाबांना ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं.” त्यांनी खाली पडलेली पाकळी उचलली. “मागच्या वर्षी त्याचं पत्र आलं. कुठून पत्ता काढला कोण जाणे. सुहास नाव ठेवलंय आश्रमातल्यांनी. मी लिहिलं, माझी मुलगी आहे, तिचं माझ्यावरचं मन उडेल, येऊ नकोस. तर म्हणाला, दार उघडू नका. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, मी येऊन उभा राहून जाईन.”

“आणि तू?”

“मला दार उघडवेना. आणि आत बसवेना.”

केतकीच्या हातातला फोन थरथरला. पिवळा दिवा. दाराबाहेर चपला काढल्याचा बारीक आवाज आला, फट् फट्.

आईने दाराकडे पाहिलंच नाही. ती केतकीकडे बघत होती, आणि केतकीने एवढी घाबरलेली आई कधीच पाहिली नव्हती. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

एक मिनिट गेलं. केतकीला वाटलं, उठावं आणि ओरडावं, चालते व्हा म्हणून. मग वाटलं, कशासाठी? त्या माणसाने कधी बेलसुद्धा वाजवली नव्हती. दारावर तिने लांब स्क्रू पिळले, खाली पाचर ठोकली, मागे डबे रचले, आणि या सगळ्या पहाऱ्यात कोंडून ठेवलं ते आईला.

दुसरं मिनिट गेलं. तिसरं सरत आलं. बाहेर पायात चपला सरकवल्याचा आवाज झाला.

“चालला गं तो,” रंजनाबाई पुटपुटल्या. जागच्या हलल्या मात्र नाहीत.

केतकी उठली. पाचर घट्ट बसली होती. तिने लाथेने ती उडवली, कडी काढली आणि दार उघडलं.

त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा एक माणूस जिन्याकडे वळला होता. एक चप्पल पायात, दुसरी अर्धवट. दाराचा आवाज ऐकून तो दचकून मागे फिरला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. आईचं तसंच होतं, केतकीचंही तसंच. केतकीच्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. मग त्याने पायातली चप्पल पुन्हा काढली, दोन्ही चपला उचलून रॅकमध्ये केतकीच्या चपलांशेजारी नीट लावल्या, आणि तो उंबऱ्याबाहेर अनवाणी उभा राहिला.

“आत येऊ?” त्याने विचारलं. आईला नव्हे, केतकीला.

तिच्या मुठीतला फोन पुन्हा थरथरला. आजवर पट्टीने असं काही विचारलं नव्हतं. पडद्यावर लिहून आलं होतं, ‘हे पाऊल वारंवार येत आहे. घरचं समजायचं का?’ खाली दोनच बटणं होती, ‘हो’ आणि ‘नाही’. मागून आईचा हुंदका ऐकू आला.