द्रौपदीच्या टोपाचं अस्तर

नाटकात द्रौपदी करणाऱ्या रंगरावाचं डोकं जळाल्याने कोणाच्या पदरात काय पडलं, याचा हिशोब नांदुऱ्याने सकाळच्या चहाआधीच मांडला. लक्ष्मीकांताला द्रौपदीचा पार्ट मिळाला. गावाला वर्षभर पुरेल इतकी थट्टा मिळाली. केसांचे टोप करणाऱ्या पुंजाजीला काय मिळालं? काहीच नाही. म्हणून फौजदाराने पुंजाजीलाच आत घातलं.

"वा रे न्याय!" पुंजाजीची बायको पुष्पाबाई अर्जुनरावांच्या ओसरीत कडाडली. "भर नाटकात रंगरावभाऊनं टोप फेकला, बोंबलला, अन् साऱ्यायनं माह्या नवऱ्याकडे बोट केलं. म्हणे अस्तराच्या डिंकात कायतरी घातलं! आठवडा झाला, कोठडीत सडून राह्यला. काऊन? तर त्याच्यासाठी बोलणारं कोणी नाही!"

"बसा, बाई."

"मी नाही बसत. तुम्ही उठा."

अर्जुनराव उठले. एके काळी पोलिसांत जमादार होते. साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि खासगी तपास करू लागले. राग मात्र नोकरीतलाच शिल्लक होता. त्यांच्यामागे त्यांचा मदतनीस शालिग्राम उठला. त्याचे पाय हळू चालत आणि डोकं पायांच्या मागून येई.

कोठडीत पुंजाजी गजांना टेकून बसला होता.

"टोपाला अस्तर कशाचं लावलं होतं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"कोणत्या टोपाले, साहेब? दोन केले होते. तालमीचा मलमलीवर. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराची मलमल. ती घाम पिते. नाटकाचा रेशमी जाळीवर. वजनाले हलका, कपाळावर वळ नाही उठत. जाळीवाला मी नाटकाच्या दिवशीच घरून आणला. त्याआधी माह्या बायकोशिवाय कोणी पाह्यला नाही."

"आणि मलमलीचा?"

"नाटक मंडळाच्या पेटीत राहे. रंगीत तालमीनंतर तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं गायब! फौजदाराले सांगितलं, तं म्हणे, जो डोक्यावर होता त्याचं बोल."

फौजदाराच्या टेबलावर जप्त केलेला टोप पडला होता. अर्जुनरावांनी तो उलटा करून उजेडात धरला. जाळी कोरी होती, दुधासारखी.

"बिबा असन का जी?" शालिग्रामने हळूच विचारलं.

"बिब्याच्या तेलाने कातडी भाजते खरी, पण त्याचा डाग काळाकुट्ट पडतो. इथे ठिपकासुद्धा नाही."

"मंग बिबा नाही," शालिग्राम म्हणाला आणि निश्चिंत झाला.

रंगराव घरी उशाशी आरसा उपडा घालून पडला होता. माथ्यावर काळपट कडांचे फोड होते. नागपूरची एक नाटक कंपनी त्याला पुढच्या महिन्यात घेऊन जाणार होती. मूल आजारी असावं तशी त्याची आई दाराशी बसून होती.

"नाटकाच्या दिवशी कधी आग सुरू झाली?"

"आग मंग झाली. पण डोकं तं टोप चढवायच्या आधीपासूनच चरचरत होतं. मी समजलो, उकाडा आहे."

"टोपाचं अस्तर मलमलीचं होतं की जाळीचं?"

"मले काय ठावं? पुंजाजी डोक्यावर बसवते, मी आरशात पाहतो. अस्तर कोण पाहते?"

लक्ष्मीकांत गावच्या शाळेत मास्तर. प्रश्न विचारण्याआधीच त्याने शपथ घेतली. "साहेब, मले पार्ट पाहिजे होता, खोटं काऊन बोलू? पण असा नाही. आता स्टेजवर गेलो की लोक ओरडतात, 'डोकं सांभाळ बे!'"

"मंडळाच्या पेटीची किल्ली कोणाजवळ असते?"

"हिंमतरावांजवळ. दुसऱ्या कोणाले देत नाहीत."

हिंमतराव मंडळाचे अध्यक्ष आणि कापसाच्या जिनाचे मालक. चैत्राच्या उन्हात शाल पांघरून गादीवर बसले होते. समोर खोबऱ्याच्या कातळ्या आणि तीळ. शालीतून फक्त बोटांची टोकं बाहेर येत, खोबरं उचलत आणि परत आत जात. शालिग्रामची नजर ताटलीवरून हटेना. आग्रह मात्र झाला नाही.

"मी तं रंगीत तालमीले नव्हतोच," हिंमतराव म्हणाले. "खामगावले गेलो होतो. अन् टोपाले मी जन्मात हात लावला नाही. बायकी केसं ते, मले किळस येते."

"मग पुंजाजीचाच दोष म्हणता?"

"मंग कोणाचा? मलमलीनं कोणाचं डोकं जळते का कधी? डिंकच खराब असन. सोडू नका त्याले."

अर्जुनराव शालिग्रामला म्हणाले, "जा, फौजदारसाहेबांना इथे घेऊन ये. आणि एकदा तरी पळत जा."

फौजदार आले. अर्जुनरावांचा आवाज चढला नाही, तो खाली गेला. त्यांना ओळखणाऱ्यांना याचीच भीती वाटे.

"साहेब, तुम्ही चुकीचा टोप जप्त केलात. बिबा लावल्याबरोबर उतत नाही. आज लागतो, उद्या आग करतो. रंगरावाचं डोकं जाळीचा टोप चढण्याआधीच चरचरत होतं. म्हणजे बिबा लागला तो आदल्या दिवशी, रंगीत तालमीत, मलमलीच्या टोपातून. मलमल घामासारखं बिब्याचं तेलही पिते. पण परिटाने धोतरावर घातलेली बिब्याची खूण धोतर फाटलं तरी जात नाही, तसाच तोही डाग जाणार नव्हता. म्हणून तो टोप पेटीतून नाहीसा झाला. पेटीची किल्ली एकाकडेच."

"किल्ली तं कोणीही चोरन," हिंमतराव म्हणाले.

"चोरील. पण तुमची जीभ कोणी चोरली? नाटकात होता जाळीचा टोप. मलमलीचा होता तो तालमीचा. बाहेरून दिसतात फक्त केस. ज्याच्या डोक्यावर बसायचा त्या रंगरावालाही अस्तर माहीत नाही. तुम्ही तालमीला नव्हता, टोपाला जन्मात हात लावला नाही. मग मलमल तुम्हाला कोणी दाखवली?"

हिंमतरावांनी बोटं शालीत ओढून घेतली.

"आता शाल काढा."

"थंडी वाजते मले."

"चैत्रात? काढा म्हणतो!"

शाल फौजदारांनीच ओढली. दोन्ही मनगटं फोडांनी भरली होती, त्यांच्या कडा काळपट.

शालिग्राम ताटलीकडे बघून ओरडला, "अरे बाप्पा! बिबा उतला म्हून उताऱ्याले खोबरं अन् तीळ खाऊन राह्यले! मी म्हणलो, खादाडपणा आहे!"

"काऊन केलं?" दारातून पुष्पाबाईने विचारलं. फौजदारांना धावत जाताना पाहून ती मागोमाग आली होती.

"तो माह्या मंडळाचा होता!" हिंमतराव फुत्कारले. "मी त्याले उभा केला, मी त्याले लुगडं नेसवलं. अन् निघाला नागपूरले! दोन फोड आले असते, कंपनीनं नाही म्हटलं असतं, इथंच राह्यला असता. पुंजाजीचं काय, सुटला असता कधी ना कधी."

"कधी ना कधी?" पुष्पाबाई पुढे आली. "तो काय तुमच्या जिनातली सरकी आहे, सवडीनं उचलायले?"

पुंजाजी त्याच संध्याकाळी सुटला. माफी कोणी मागितली नाही. नाटक कंपनीने दुसरी द्रौपदी शोधली. रंगरावाच्या माथ्यावर केस पुन्हा उगवले नाहीत.

खटला मलकापूरला चालला. हिंमतरावांच्या वकिलाने त्या फोडांना 'साधी दुखापत' ठरवलं. साक्ष देताना पुंजाजी उभा होता. आरोपीला प्रकृतीच्या कारणाने खुर्ची मिळाली. शिक्षा झाली: कोर्ट उठेपर्यंत कैद.

तेव्हा भरलं कोणी, तेही मांडून ठेवू. काही न करता पुंजाजी आठवडाभर आत होता. सगळं करून हिंमतराव कोर्ट उठेपर्यंत.

आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांचं कोर्ट त्या दिवशी लवकर उठलं.