आयोडीनच्या खोलीतली बाई

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे घडलेलं आहे, आणि ज्यांच्यासमोर घडलं ते तेजराम माझे सख्खे मामा.

साल १९६६. मार्चमधला मंगळवार, दुपारचे तीन. भिलाईतल्या एका दवाखान्याची मागची खोली. दवाखान्याचं नाव मुद्दाम सांगत नाही.

तिथं गळ्याच्या गाठीवर किरणोत्सारी आयोडीनचं पाणी पाजायचे. किरणं मोजायचं मशीन, म्हणजे काउंटर, मामा सांभाळायचे. किरणं असली की काउंटर टकटक करायचा, नसली की जवळपास गप्प.

डॉक्टर होते दौलतराव. मुंबईहून शिकून आलेले, आणि ते कोणाला विसरू न देणारे. कामगारांशी बोलणार ते नाकाला रुमाल लावून! हे औषध पोटातल्या बाळाच्या गळ्यात जाऊन बसतं. म्हणून पाजण्याआधी प्रत्येक बाईला स्वतः विचारायचं, दिवस गेलेत का. एवढी साधी जबाबदारी. तीही साहेबांना कमीपणाची वाटायची. ते नवऱ्याला विचारायचे, तेही दारातून ओरडून.

आमच्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट कोणी बाहेर बोलत नाही. नजर लागते म्हणतात. नवरा चारचौघांत 'नाही' म्हणून मोकळा होतो.

आदल्या वर्षी आलेल्या गयाबाईचा नवरा असाच 'नाही' म्हणाला. ती औषध प्याली. सातव्या महिन्यात बाळ गेलं, तीही गेली. डॉक्टरांनी कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं आणि चहा मागवला.

मामांना सगळं कळलं होतं... ते गप्प बसले.

त्या मंगळवारी सिंधुताई आली. सोबत नवरा, शालिकराम.

"काय रे, हिला दिवसबिवस गेलेत का?" डॉक्टर दारातून ओरडले.

"नाही साहेब."

"पाज रे तेजराम."

मामांनी अजून औषधाची शिशाची पेटी उघडलीही नव्हती...

टक.

टक... टक...

त्यांनी काउंटर सिंधुताईच्या गळ्याशी नेला. गप्प.

शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडं वळवला... टकटकटक.

एकदा गळ्याच्या उंचीवर. एकदा पोटाच्या.

त्या औषधाची किरणं तीन महिन्यांत विझतात. गयाबाईनं ते पिऊन वर्ष झालं होतं.

"मशीन बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या डोक्यासारखं."

तेवढ्यात सिंधुताई लाजून हसली... स्टुलाकडं बघून.

"तिसरा लागला, बाई."

शालिकरामचा चेहरा उतरला. "कोनाशी बोलून राहिली वं?"

"या बाईशी. कितवा म्हून इचारून राहिली ना मले."

"खुळचट बाया!" म्हणत डॉक्टरांनी स्वतःच पेटीला हात घातला.

मामांनी तो हात धरला. "नाही देऊ देनार साहेब. बाई पोटुशी आहे."

डॉक्टरांनी त्यांना शिव्या घातल्या, नोकरीवरून काढलं आणि रुमाल नाकाला लावून तरातरा निघून गेले. स्टुलाकडं एकदा बघायचीही हिंमत झाली नाही. मोठे आले शिकलेले!

जाताना सिंधुताई मामांना म्हणाली, "भाऊ, त्या बाईलेही इचारा ना. किती वेळची बसून आहे बिचारी. म्हने, मले कोनीच इचारलं नाही."

मामा पुढं जामुलला सिमेंटच्या कारखान्यात लागले. ही गोष्ट सांगताना ते दौलतरावांना पोटभर शिव्या द्यायचे... आणि मधेच स्वतःलाच विचारायचे.

"मी बी तं होतो त्या खोलीत. मी कावून नाही इचारलं?"

ती बाई त्या स्टुलावरून उठली की नाही, ते कोणालाच माहीत नाही.