घडी घालताना बोलायचं नाही

शेजारच्या खिडकीवरचा माणूस त्या दिवशी दाढ काढायला गेला नसता, तर ती याच्या खिडकीवर आलीच नसती.

हा विमा एजंट. त्या कचेरीत त्याला नऊ वर्षं झाली होती. आवाज खालचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि उंचीची अशी धास्ती की वरच्या फळीवरची फाईल काढायलाही शिपायाला हाक मारायचा. तिने त्याच्यासमोर फॉर्म सरकवला. वाऱ्याने विस्कटलेले केस, उन्हाने सोललेलं नाक, आणि बोटांवर दोऱ्यांनी कापल्याचे बारीक बारीक व्रण.

"आयुष्याचा विमा हवाय. परवडेल असा."

"बसा ना मॅडम. काम काय करता?"

"पॅराशूटच्या घड्या घालते. आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारते."

त्याचं पेन थांबलं. "उडी... म्हणजे मुद्दाम?"

"नाही हो, दर आठवड्याला पाय घसरतो."

तो हसला. मग आपण कचेरीत हसलो हे लक्षात येऊन गप्प झाला.

ती सात ठिकाणी फिरून आली होती. तिघांनी सरळ नाही म्हटलं. दोघांनी असा हप्ता सांगितला की तेवढ्यात तिने स्वतःचं विमान घेतलं असतं. उरलेल्या दोघांनी खालच्या आवाजात सल्ला दिला, 'धोक्याचे छंद' या रकान्यात 'नाही' लिहा, कोण बघायला येतंय?

"मग लिहिलं का नाही?" त्याने विचारलं.

"आणि माझ्या पश्चात आईने खोट्या कागदावरून तुमच्याशी भांडत बसायचं? जे आहे तेच लिहीन. दोनशे चौदा उड्या. घ्यायचं तर असंच घ्या, नाहीतर आठवी सोडून नववी कचेरी शोधते."

"एवढी घाई का पण?"

तिचा आवाज जरा उतरला. "माझे वडील जन्मात कधी स्टुलावर चढले नाहीत. बुटाची नाडी बांधायला वाकले आणि गेले. विमा नव्हता. आता आईने अट घातलीय. महिनाअखेरपर्यंत पॉलिसी तिच्या हातात, नाहीतर माझी उडी कायमची बंद. मी शब्द देऊन बसलेय."

"आईच आहे. शब्द थोडा पुढे ढकलता येईल की..."

"तुम्ही माझ्या आईला भेटला नाहीत."

महिना संपायला एकोणीस दिवस होते.

साहेबांनी फॉर्म दोन बोटांत धरला, जसा काही ओला होता. "ही केस अंगाशी येईल. द्यायचीच तर कलम टाकून दे. उडीत मेली तर काही मिळणार नाही, बाकी कशानेही मेली तर मिळेल. हप्ता कमी बसेल, तीही खूश."

त्याने तिला फोन केला. ती खूश झाली नाही.

"म्हणजे सर्दीने मेले तर चालेल? मासेमाराला सांगा बघू, बुडालास तर विमा नाही, जिन्यावरून पडलास तर आहे!"

"बरोबर आहे तुमचं. हेच साहेबांना सांगतो," तो म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटला, कारण आता खरंच सांगावं लागणार होतं.

त्याने सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या केबिनमध्ये त्याचा आवाज दाराबाहेर ऐकू आला. साहेबांनी फॉर्म त्याच्याकडे परत सरकवला. "इतका पुळका आहे ना? मग जा, डोळ्यांनी बघून ये. अहवाल लिही. मुख्य कचेरीला पटलं तर पटलं."

धावपट्टीच्या कडेला पत्र्याची लांब शेड होती. आत तेवढंच लांब टेबल, त्यावर नारिंगी कापड पसरलेलं, आणि ती त्यावर वाकलेली. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं — घडी घालताना बोलायचं नाही. त्याची नजर भिंतीकडे गेलीच नाही. नजर कुठे होती ते सांगायला नको.

"नमस्कार! उशीर तर नाही ना झाला?"

तिचे हात थांबले. घडी जवळजवळ पुरी होत आली होती. तिने एक श्वास सोडला, सगळं कापड झटकून मोकळं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोऱ्या वेगळ्या केल्या, पदरावर पदर बसवला, गुडघ्याने दाबून हवा काढली. वीस मिनिटं. तो दारातच उभा. पाय बदलायचीही त्याला भीती वाटली.

शेवटची गाठ बसवून ती म्हणाली, "हं. आता बोला."

"ते सगळं परत का...?"

"तुम्ही बोललात आणि माझं लक्ष गेलं. तेवढ्यात हात काय करत होता, मला माहीत नाही. माहीत नसलेली घडी मी पाठीवर घेत नाही. दुसऱ्याच्या पाठीवर तर देतच नाही."

"मी नुसतं नमस्कार म्हणालो हो!"

"महागात पडला ना नमस्कार?"

"आणि लक्ष... कुठे गेलं होतं?"

दोनशे चौदा उड्या मारलेली ती मुलगी पहिल्यांदा अडखळली. "ते... बटणाकडे. इतक्या उकाड्यात गळ्याचं बटण कोण लावतं?"

त्या दुपारी ती वर गेली. तो वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. आकाशात एक ठिपका सुटला आणि त्याने खांब आणखी घट्ट आवळला. मग नारिंगी कापड उमललं. ती मैदानात उतरून चालत त्याच्याकडे आली, गाल लाल, डोळ्यांत पाणी वाऱ्याचं.

"काय विमेवाले, जिवंत आहात ना?"

"तुम्ही पडत होता आणि माझा श्वासच..."

"पडत नव्हते," ती म्हणाली. "उतरत होते."

अहवालासाठी एक भेट पुरे होती. तो दर दोन दिवसांनी जाऊ लागला.

"किती पानी अहवाल आहे तुमचा?"

"वाढतोय... काय करणार?"

आता तो शेडमध्ये एक अक्षर बोलत नसे. ती घडी घालायची, तो स्टुलावर बसून बघायचा. मधेच ती डोळे न उचलता हात पुढे करायची आणि तो तिच्या हातात नेमकी हवी ती दोरी ठेवायचा. बोटाला बोट लागायचं. घडी मात्र एकदाही चुकली नाही. बाहेर आल्यावर दोघं इतकं बोलायचे की चहा गार व्हायचा.

अहवालात त्याने लिहिलं, 'नऊ वर्षांत मी एकशे सहा जणांच्या मृत्यूचे दावे भरले आहेत. लोक झोपेत गेले, न्हाणीघरात गेले, जेवता जेवता गेले. अर्जदार जेवढी काळजी एका घडीची घेते, तेवढी त्यांच्यापैकी कुणी स्वतःची घेतलेली मला आढळली नाही. थोडा जादा हप्ता लावावा, तिच्या पगारात बसेल एवढाच. नकार देण्यास कारण नाही.'

फॉर्म परत आला. महिना संपायला चार दिवस, आणि शेवटच्या रकान्याभोवती लाल गोल. 'एजंटचा अर्जदाराशी काही संबंध?' रकाना रिकामा होता.

"विसरलास होय?" साहेब म्हणाले. "'नाही' लिही आणि मोकळा हो."

"खोटं कसं लिहू साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला. "अरे बापरे. मग 'होय' लिही. नियम माहीत आहे ना? अहवाल मला नव्याने करावा लागेल, तिथवर जावं लागेल, आणि तुझं कमिशन जाईल."

"जाऊ दे."

"तिला ठाऊक आहे हे?"

"...नाही."

"मग 'होय' तरी खरं कसं रे, गाढवा?"

तो तसाच निघाला.

शेडमध्ये ती घडी घालत होती. तो कागद हातात धरून टेबलाच्या टोकाला उभा राहिला, गुपचूप. शेवटचे चार पदर राहिले होते तेव्हा तिने मान वर केली. आधी त्याच्या गळ्याचं उघडं बटण दिसलं, मग तो लाल गोल.

"परत आला?"

"तुम्ही बोललात," तो दचकून म्हणाला. "घडी...!"

"घालीन परत. सांगा."

त्याने कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला. "हा रकाना रिकामा का?"

"'नाही' लिहिलं तर खोटं होतं. आणि 'होय'... ते मी एकट्याने लिहिण्यासारखं नाही."

पत्र्यावर वारा वाजत होता. टेबलावरचं कापड जरासं फुगलं आणि बसलं.

"एवढं सांगायला पंधरा दिवस?" ती म्हणाली. "वेडा आहेस का तू?"

'तू' ऐकून त्याने टेबलाची कड धरली.

"नीट विचार कर," ती म्हणाली. "मी उडी सोडणार नाही. तुझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही."

"मी सोड म्हणणारही नाही."

"आणि एखाद्या दिवशी नाही आले खाली तर?"

"तर रडेन. तू बुटाची नाडी बांधताना गेलीस तरी रडेनच. म्हणून काय आत्तापासून सुरुवात करू?"

वडील गेल्यापासून तिला सगळे जपून राहायलाच सांगत आले होते. तिने कानावरचं पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"लिही. होय."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, टाय लावून. शेडच्या दारातून मोठ्याने म्हणाले, "नमस्कार, नमस्कार!" तिने सगळी घडी उलगडली. साहेब वीस मिनिटं स्टुलावर बसले, आणि कचेरीत जाऊन एका पानात अहवाल लिहून, सही करून मोकळे झाले.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी पॉलिसी आईच्या हातात पडली. आईने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. सोबत जोडलेल्या फॉर्मच्या शेवटच्या रकान्यापाशी थांबली, दारात उभ्या असलेल्या एजंटकडे वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "संबंध 'होय' असेल तर दारात का उभे आहात? आत या."

पुढच्या सुट्टीला आई पहिल्यांदा मैदानावर आली. एजंट तिच्या शेजारी उभा होता. खांब दोन पावलांवर होता. त्याने धरला नाही. वर विमान घरघरलं. एक ठिपका सुटला.

आईने त्याचा दंड घट्ट पकडला. "अहो, पडतेय की ती!"

"पडत नाहीये, आई," तो म्हणाला. "उतरतेय."